पगार वाढला, एवढंच सांगायला

नाही, तुमच्या सर्व्हेच्या फॉर्मवर ‘सांगता येत नाही’ला खूण करू नका. सांगता येतं. मला तर फारच चांगलं सांगता येतं. तुम्ही विचारलंत ना, वर्षभरात भाव वाढतील, आहेत तेवढेच राहतील की उतरतील, आणि यातल्या कशाची तुम्हाला जास्त काळजी वाटते— बरोबर? आता हेच तुम्ही अख्ख्या मांजरी गावात दुसऱ्या कुठल्या दारात विचारलं असतंत तर दोन मिनिटांत मोकळ्या झाला असतात. ‘वाढणार हो, दुसरं काय होणार’ म्हणाले असते आणि दार लावलं असतं. या घरात मात्र याच प्रश्नावर गेली पाच-सहा वर्षं भांडण चालू आहे. बसा ना. चपला राहू द्या पायात, फरशी आज पुसलेली नाहीये, आज काहीच झालेलं नाहीये वेळेवर. नाव काय म्हणालात? नाजिमा. बसा, नाजिमा. चहा झालेलाच आहे, घ्या अर्धा कप. मी आवाज जरा हळू ठेवते, आत माझा धाकटा भाऊ आहे, आनंद. सकाळपासून दार लावून बसलाय. का ते सांगते, पण ते शेवटी आलं पाहिजे, आत्ता सांगितलं तर तुम्हाला काही कळणार नाही.

शैला शितोळे, निवृत्त शिक्षिका, हे तुम्ही लिहिलंत. बरोबर आहे. पण कुठं शिकवायचे ते तुम्ही विचारलं नाहीत. मी आणि माझे यजमान हिंदुराव— ते इथलेच, लोणी काळभोरचे— आम्ही दोघं बारा वर्षं झिंबाब्वेत होतो. बुलावायो म्हणून शहर आहे तिथं. ते गणित शिकवायचे, मी लहान वर्गांना. शहाण्णव साली गेलो तेव्हा तिथला एक डॉलर म्हणजे आपले तीन-साडेतीन रुपये. लोणीत लोक म्हणायचे, मास्तरांनी नशीब काढलं. काढलंच होतं. बैठं घर, मागं पेरूची झाडं, आणि दर महिन्याला पगारातून पेन्शनचे पैसे कापले गेले की हिंदुराव खूश— शैला, हे आपल्या म्हातारपणाचे. मग भाव चढायला लागले. अहो, आपल्याकडे चढतात तसेच, आधी कुरकुर करायची, मग सवय होते. आणि मग एका वर्षी काय झालं कुणाला कळलं नाही, सकाळचा भाव दुपारी राहीना. पावाच्या रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर लागेपर्यंत पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहिलेला. पगाराच्या दिवशी शाळा भरायचीच नाही, सगळे मास्तर बाजारात पळालेले— पैसे हातात ठेवायचे नाहीत, काय मिळेल ते घ्यायचं. मेणबत्त्या मिळाल्या तर मेणबत्त्या, झाडू मिळाले तर झाडू. एकदा मी सायकलचे दोन टायर घेऊन घरी आले. आमच्याकडे सायकल नव्हती. हसा, हसा, सगळेच हसतात. नोटांवरच्या शून्यांचं सांगायला लागले की माणसं खुर्ची पुढं ओढतात. या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले की मला बोलावणं येतं— काकू, ते झिंबाब्वेचं सांगा ना. मी जाते आणि सांगते. सांगून सांगून मला ते छान रंगवता येतं आता.

पण मी टायरशी थांबते. पुढचं काही पाहुण्यांपुढं सांगायचं नाही. हिंदुरावांना रक्तदाबाची गोळी चालू होती. अगदी साधी गोळी, इथं कुठल्याही कोपऱ्यावर मिळते. तिथं ती मिळेना. मिळाली तर किंमत अशी, की बँक एका दिवसात तेवढे पैसे काढूच देत नव्हती. दोन दिवस रांग लावून पैसे जमवावेत तर तिसऱ्या दिवशी किंमत दुप्पट. मग ते गोळी दिवसाआड घ्यायला लागले. मग आठवड्यातून दोनदा. मला म्हणायचे, डोकं दुखत नाहीये, ठीक आहे मी. आणि एक दिवस फळ्यासमोर उभे असताना हातातला खडू खाली पडला, तो घ्यायला वाकले ते तिथंच कोसळले. बोलणं परत आलं, पाय बराचसा आला, उजवा हात नाही आला. गणिताचा मास्तर आणि उजवा हात नाही. मी पेन्शन बंद करून पैसे घ्यायला गेले, तर खिडकीतला माणूस— भला माणूस होता, त्याला स्वतःलाच लाज वाटत होती— म्हणाला, बाई, तुमच्या परतीच्या बसचं तिकीट यात येणार नाही. बारा वर्षांचं पेन्शन. मी चालत घरी गेले. इथं परत आल्यावर हिंदुरावांनी डाव्या हातानं लिहून शिकवण्या घेतल्या, अक्षर वाकडं यायचं, मुलांसमोर शरमायचे. त्यांना जाऊनही आता आठ-नऊ वर्षं होतील. आम्हाला मूलबाळ नाही. तर महागाईची मला काळजी वाटते का, हे विचारायला तुम्ही एवढ्या उन्हातून आलात.

त्यामुळे आमची ती मधली खोली तशी आहे. नाही, दाखवत नाही, आनंद तिथंच बसलाय. तेलाचे डबे, साबणाचे खोके, चहापत्ती, तांदूळ, काडेपेट्या— काडेपेट्या कुणी साठवतं का, पण मी साठवते. भाव वाढायच्या आधी घेतलं की मला त्या दिवशी झोप लागते. तांदळात पोरकिडे होतात, मी ऊन देते, निवडते, पुन्हा भरते. आनंद त्याच खोलीत झोपतो. त्याच्या पलंगाखाली तेलाचे डबे आहेत. त्यानं कधी हू की चू केलं नाही. जपानमध्ये यापेक्षा छोट्या खोलीत राहत होतो, म्हणाला.

हो, तो जपानला होता. इथं पुण्यातच जपानी शिकला आणि गेला, पंचवीस-एक वर्षं राहिला. हमामात्सु नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ एक छोटा कारखाना, गाड्यांचे सुटे भाग करणारा. करोनाच्या आदल्या वर्षी तो कारखाना बंद झाला आणि हा एक बॅग घेऊन माझ्या दारात उभा राहिला. मला फार बरं वाटलं होतं. दोन ताटं मांडायला मिळाली. पण एका आठवड्यात लक्षात आलं, की हा माणूस काही विकत घेत नाही. चपलेचा अंगठा तुटला— बघू, पुढच्या महिन्यात. चष्म्याचा नंबर बदलला— बघू. मी भाजीला सकाळी सातला जाते, हा संध्याकाळी उठून बसनं पार मंडईत जाणार, का, तर गाळे बंद व्हायच्या वेळी भाव उतरतो. म्हणायचा, जपानात भाव उतरतातच, ताई, थोडं थांबलं की. मी म्हणायचे, अरे, थांबलास की चढतो. तो म्हणायचा, नाही, उतरतो. तिथून सुरू झालं. रोज रात्रीच्या जेवणाला हेच, की महागाई वाईट की स्वस्ताई वाईट. आणि मी रोज जिंकायचे.

का जिंकणार नाही? माझ्याकडे नोटा, रांगा, टायर. त्याच्याकडे सांगायला काय, तर काही झालं नाही. म्हणजे कारखान्याशेजारी एक खानावळ होती, तिथं भात-मासा-सूप असं ताट मिळायचं, ते तो गेला त्या दिवशी जेवढ्याला होतं तेवढ्यालाच तो निघाला त्या दिवशी. मी म्हटलं, मग स्वर्गच की. तो म्हणाला, हो, आणि पगारही तोच. मोठी कंपनी दरवर्षी मालकाला सांगायची, यंदा भागाची किंमत जरा कमी करा. मालक मान खाली घालून हो म्हणायचा. कुठून कमी करणार? कुणी निवृत्त झालं की त्याच्या जागी माणूस घ्यायचा नाही. नवं यंत्र घ्यायचं नाही, पुढच्या वर्षी स्वस्त मिळेल. चाळीस माणसं होती त्याची वीस झाली, विसाची सात. शेवटच्या दिवशी यंत्रं यानंच बंद केली, मालकानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, संपलं. आता ही काय गोष्ट झाली? एकदा समोरच्या दीपालीकडे पाहुणे होते, त्यांच्यापुढं त्यानं हे सांगायचा प्रयत्न केला, तर पाच मिनिटांत लोक मोबाइल बघायला लागले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हे बघा— तेव्हा नाही वाटलं.

गेल्या दिवाळीच्या आसपास मी एकदम सहा डबे तेल आणलं. तो म्हणाला, ताई, उतरेल गं, एवढं कशाला. साधं बोलला. पण माझं डोकं फिरलं. मी हिंदुरावांच्या हाताचा विषय काढला. नेहमी मी तो काढत नाही, पण काढला. म्हटलं, महागाईनं माझ्या नवऱ्याचा हात नेला. तुझ्या त्या जपानात भाव उतरून मेलं का कुणी?

तो जेवत होता. घास तसाच ठेवला. म्हणाला, “मेलं नाही कुणी, ताई. जन्मलं नाही कुणी.”

मग उठला, ताट घासलं, माझंही घासलं, आणि पाठमोरा उभा राहून मला पहिल्यांदा सांगितलं. सायोको म्हणून होती. त्याच्याच कारखान्यात माल तपासायच्या विभागात. दोघांचं ठरलं होतं, की पगार वाढला की लग्न करायचं. फार नाही हो, एक वाढ. आणखी एक खोली भाड्यानं घेता येईल एवढी. तिथं एप्रिलमध्ये वाढ होते म्हणे. एका एप्रिलमध्ये नाही झाली, पुढच्या होईल. पुढच्याही नाही. कुणी फसवलं नाही, कुणी भांडलं नाही. दोघं दरवर्षी पुढचा एप्रिल म्हणायचे. असे किती गेले ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, विचारवेना. मग तिची आई आजारी पडली, ती आईला बघायला गावी गेली, लांब उत्तरेला. फोन व्हायचे, मग कमी झाले, मग नाही. म्हणाला, तुझं होतं ते गेलं, ताई, लोकांना दिसलं ते. माझं यायचं होतं. ते आलंच नाही, तर दाखवू काय? त्या दिवसापासून जेवताना आम्ही तो विषय काढला नाही. अहो, विषयच उरला नाही तर जेवण किती लवकर संपतं बघा.

चहा गार होतोय तुमचा. घ्या. नाही, उशीर नाही झालेला. गाडी पाचला सांगितलीय. कुणाची गाडी, तेच सांगते.

या एप्रिलमध्ये फोन आला. दुपारची वेळ, मी भाजी निवडत होते. तो जपानीत बोलायला लागला आणि बोलता बोलता उभा राहिला, सरळ, शाळेत उभं राहतात तसा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. फार बोललाही नाही, हां-हां करत होता. फोन ठेवून खिडकीशी गेला. खाली उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, हॉर्न चालले होते, ते बघत राहिला. मी म्हटलं, कुणाचा रे? म्हणाला, तिकडे तांदूळ दुप्पट झालाय म्हणे. म्हटलं, बरं, मग? मग म्हणाला, “सायोकोचा पगार वाढला.” मी म्हटलं, आणखी काय म्हणाली? “काही नाही. एवढंच सांगायला फोन केला होता.”

नाजिमा, माझ्या हातातली गवार तशीच राहिली हो. ती एका दुकानात काम करते आता, आईच्या गावातच, हे मग मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. आई गेल्या वर्षी गेली तिची. लग्न केलेलं नाही. साठीला आली असेल. इतक्या वर्षांनी तिकडे सगळं चढायला लागलं, भावही आणि पगारही, आणि त्या बाईनं वाढीव पगार हातात पडल्यावर त्याचा नंबर शोधून फोन केला. मला एवढंच वाटलं, की महागाईला मी जन्मभर शिव्या दिल्या आणि तीच या माणसासाठी निरोप घेऊन आली.

आणि हा काय म्हणाला? बघू. पुढच्या वर्षी बघू. विमानाची तिकिटं आत्ता महाग आहेत, उतरतील. त्याची पुंजी सगळी येनमध्ये, तिकडच्याच बँकेत. तो आल्यापासून मी सांगत होते, इकडे आण, आण. नाही आणली, आणि येन घसरला. त्यावरून मी त्याला फार टोचलेलं आहे, आता सांगायला काय. पण त्या दिवशी टोचलं नाही. पदर खोचला आणि हडपसरला गेले. तिथं रुपाली म्हणून मुलगी आहे, तिकिटं काढून देते. ती म्हणाली, काकू, पुढच्या महिन्यात भाव कमी होतील, थांबा. म्हटलं, तेच वाक्य घरी ऐकून आलेय, तू तिकीट काढ. माझ्या पैशानं काढलं. त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि बोलायचा बंद झाला. चिडला असेल म्हणून मी वाट बघितली, पण तो चिडलेलाही दिसेना. दोनदा सकाळी उठून मुंबईला जाऊन आला. कुठं गेला होतास म्हटलं तर म्हणे, काम होतं. पुढं कळलं, व्हिसाचं काम होतं. ते मला त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पावतीवरून कळलं, धुवायला टाकताना.

परवा मात्र स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. म्हणाला, “ताई, तिथं जाऊन मी बोलू काय?”

म्हटलं, “तांदूळ महाग झालाय म्हण.”

तो हसला. मग ओट्याला टेकला. म्हणाला, “जायचं नाही असं नाही. पण पुढं काही होईल असं धरून चालायची सवयच गेली माझी. पाय उचलत नाही.” मी पोळी उलटली, ती करपली. म्हटलं, आनंद, माझी तरी कुठं आहे? मी डबे कशाला भरते? उद्या चांगला असेल असं वाटलं असतं तर मी सहा डबे तेल आणलं असतं का? तू उद्याची वाट बघत बसलास, मी उद्याला घाबरून बसले. एवढाच फरक. बाकी आपण दोघं एकाच घरात दारं लावून बसलोय. असं मी बोलले. एवढं सरळ मी हिंदुरावांशीसुद्धा कधी बोलले नसेन. करपलेली पोळी त्यानंच खाल्ली.

तर आज रात्रीचं विमान आहे, मुंबईहून. पाचला गाडी. सकाळपासून दार बंद, बॅग भरतोय की नुसता पलंगावर बसलाय, मला माहीत नाही. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. हात उचलला आणि खाली घेतला. विचारलं आणि नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर— ते तर मी तिकीट काढताना धरलंच नव्हतं. नाही, रडत नाहीये, कांदा चिरला होता मघाशी. दोघांची भाजी टाकली मी सवयीनं. आता ती एकटीला दोन दिवस जाईल. त्या खोलीत दीड वर्षाचं सामान आहे, दोघांच्या हिशेबानं भरलेलं. एकटीला ते तीन वर्षं पुरेल. मी सदुसष्ट वर्षांची आहे, मला कशाला हवंय तीन वर्षांचं तेल? तुम्ही घेऊन जाता का एखादा डबा? नाही? बरं, नियम असतील तुमचे. सायोको कशी दिसते तेसुद्धा मला माहीत नाही. फोटो नाही त्याच्याकडे. विचारलं तर म्हणाला, काढायचा राहिला—

थांबा. दार उघडलं.

आनंद, झालं का रे? या सर्व्हेच्या बाई आहेत. काही नाही, भावांचं विचारत होत्या, मी आपली गप्पा मारत बसले. गाडी आली? अरे, पाचला सांगितली होती ना. बरं, आली तर आली. गोळ्या घेतल्यास? सहा महिन्यांच्या ठेवल्यात मी निळ्या पिशवीत, हातातल्या बॅगेत टाक, मोठ्या नको. आणि तो शर्ट कशाला घातलास, कॉलर उसवलीय— असू दे, असू दे. छान आहे.

काय? परतीचं?

नाही काढलं. रुपाली म्हणत होती दोन्ही एकदम काढा, स्वस्त पडतं. नाही काढलं मी. हो, महाग होईल नंतर. मला माहितीये महाग होईल.

होऊ दे.

नाजिमा, तुम्ही उठा आता. राहिलेले प्रश्न समोर दीपालीला विचारा, ती पटकन उत्तरं देते. कप राहू द्या तिथंच. दार ओढून घ्या जाताना.